ओवीची दुसरी ओळ

‘गळ्यातलं लिंग बाई, उंबऱ्याची राखण...’

हा चन्नबसम्मा आत्याचा आवाज. माहेरी, झरीला, लाइट गेली की आत्या आईविना वाढलेल्या त्रिवेणीला पदराखाली घ्यायची आणि ही ओवी म्हणायची. आवाज काही गोड नव्हता, सुपात ज्वारी घोळावी तसा खरबरीत होता. पण त्याला ऊब होती. पहिली ओळ आत्यानं म्हणायची, दुसरी त्रिवेणीनं, असा दोघींचा खेळ. दुसरी ओळ म्हणून झाली की भीती खिडकीतून पळून जायची. लग्न झालं, लेक झाली, तरी सवय सुटली नाही. घाटात बस वळायला लागली, दवाखान्यात सुई पुढं आली, की त्रिवेणीचे ओठ आपोआप हलायचे. पहिली ओळ शेजारच्याला ऐकू जाईल अशी, दुसरी आतल्या आत. नवरा शिवकांत चिडवायचा, “झालं का चालू तुझं आकाशवाणी केंद्र?”

आता गॅसवर दूध ठेवून ती पहिली ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि पुढं अडत होती. दुसरी ओळ येत नव्हती. जिभेवर तिची जागा होती, ओळ नव्हती. गोव्याहून आल्यापासून हे असंच.

दुधावर साय धरली. तिनं वाकून वास घेतला. सायीला खाडीचा वास येत होता.

गोव्याला जायचं खूळ तिचं नव्हतं. शिवकांतचंही नव्हतं. वालूरला त्यांचं बी-खताचं दुकान. ज्यानं बियाणं जास्त खपवलं त्या दुकानदाराला कंपनी जोडीनं फिरवून आणते. यंदा शिवकांतचा नंबर लागला. रब्बीच्या पेरण्या उरकल्या आणि कंपनीचा माणूस पंकज मोटारसायकलवरून दुकानात हजर झाला.

“वहिनी, आता नाही म्हणायचं नाही. पणजीत दोन दिवस, जेवणखाण कंपनीचं, आणि एक दुपार बोटीवर. कॅसिनो!”

“म्हंजे जुगारच ना?” त्रिवेणी म्हणाली.

“जुगार आपल्या गावात असतो, वहिनी. पाण्यावर असला की त्याला कॅसिनो म्हणतात.”

शिवकांत हसला. त्याच्या हसण्यात हौस दिसली म्हणून ती हो म्हणाली. कधी नव्हे ती दोघांनीच कुठंतरी जायची संधी. सहा वर्षांच्या ईश्वरीला झरीला आत्याकडं सोडलं. निरोप देताना आत्यानं त्रिवेणीच्या गळ्याकडं बघितलं, चांदीच्या डबीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “जपून जा, पोरी.”

डबीत इष्टलिंग. लिंगायताच्या घरात ते जन्मताच गळ्यात येतं आणि मातीत जातानाही अंगावरच असतं. रोज सकाळी अंघोळ करून, भस्म लावून त्रिवेणी ते डाव्या तळहातावर घ्यायची, बेलाचं पान वाहायची, टक लावून बघायची. तेवढा वेळ घरात कुणी तिला हाक मारत नसे. ईश्वरीसुद्धा नाही.

परभणीहून रात्रभर बस. शेजारच्या सीटवर सेलूचे व्यंकटराव, त्यांचंही खताचंच दुकान. चिवडा खाऊन आगकाडीनं दात कोरत होते आणि कोरून निघालेलं पुन्हा खात होते. “बायकोला घरी ठेवून आलोय,” ते म्हणाले, “जुगाराच्या ठिकाणी लक्ष्मी नेऊ नये. एखाद्या वेळी डावावर लागायची!” सगळी बस हसली. त्रिवेणीनं पदर नाकाला लावला.

पणजी दिसायला देखणी होती, यात वाद नाही. पिवळी घरं, निळी घरं, लाल कौलं, पायऱ्यांवर चढत गेलेलं पांढरंशुभ्र चर्च. पण जवळ गेलं की भिंतींना घाम सुटलेला. रंगाचे पापुद्रे उठून त्याखाली काळी बुरशी, कानामागच्या मळासारखी. परभणीच्या कोरड्या थंडीतून आलेल्या अंगाला ती ओल चिकटली ती चिकटलीच. साडी अंगाला, केस मानेला, उशी गालाला.

“आपल्याकडं निजाम, इकडं पोर्तुगीज,” एका बंद घरासमोर फोटो काढत शिवकांत म्हणाला. “गेले सगळे. घरं राहिली.”

“मग आता यांच्यात कोण राहतंय?”

“राहत असंल की कोणीतरी. घर रिकामं कोण ठेवतंय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी बस त्यांना नदीवर घेऊन गेली. मांडवीच्या मधोमध मोठाल्या बोटी उभ्या होत्या, कुठंच न जाणाऱ्या. भर उन्हात त्यांच्यावर दिवे जळत होते. धक्क्याखाली पाण्यावर तेलाचा तवंग, त्यात फुगून वर आलेलं कुत्र्याचं पिल्लू, आणि त्याला ढोसणारे चिमुकले मासे. त्रिवेणीनं तोंड फिरवलं आणि त्याच क्षणी तिच्या मनात ते आलं.

“अहो, लिंग काढून ठेवू या.”

शिवकांत थबकला. “काढून?”

“तिथं मांस-मच्छी, दारू, जुगार. तशात देवाला न्यायचं?”

“आत्या काय म्हणतील?”

“आत्याला कोण सांगायलंय?”

त्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, भक्तीचंच होतं. त्यानं दोन्ही डब्या रुमालात गुंडाळल्या, बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातल्या, बॅग बसमध्ये ठेवली. त्रिवेणीचा हात सारखा गळ्याशी जायला लागला. दात पडला की जीभ जशी त्याच खळग्यात जाते, तसा.

धक्क्यावरच्या मुलीनं प्रत्येकाच्या मनगटावर हिरवा कागदी पट्टा चिकटवला. “हा काढायचा नाही. पट्ट्याशिवाय जेवण नाही आणि परतीची बोटही नाही.”

आत गेल्यावर दिवस संपला. खिडक्या नव्हत्या. घड्याळ नव्हतं. थंड हवेच्या झोतात अत्तर, सिगारेट, तळलेलं मांस आणि त्या सगळ्याखाली नदीचा वास, स्वच्छ चादरीखाली ओली गादी असावी तसा. पायाखालचा लाल गालिचा इतका जाड की पाऊल रुतायचं, आणि उचलताना कुणीतरी हळूच सोडल्यासारखं सुटायचं. टेबलांभोवती माणसं गोठ्यातल्या जनावरांसारखी खांद्याला खांदा लावून उभी होती. कुणी बोलत नव्हतं. व्यंकटराव एका हातानं पैशांच्या बदल्यात मिळालेल्या सोंगट्या सरकवत होते, दुसऱ्या हातात कोंबडीची तंगडी होती, आणि तोच हात ते पँटला पुसत होते.

“वहिनी, देवाचं नाव घेऊन एक डाव तरी लावा!”

“देवाला घरी ठेवून आलेय,” ती म्हणाली आणि बोलल्यावर तिलाच कसंतरी झालं.

जेवणाच्या लांबलचक टेबलावर भाताशेजारी कोलंब्यांचा ढीग होता. त्यांचे काळे मण्यांसारखे डोळे भातात सांडले होते. कुणीतरी अर्धा चावलेला तुकडा पुन्हा ताटात ठेवून गेलं होतं; त्यावर दातांची रांग स्पष्ट दिसत होती. शिवकांत गोल फिरणाऱ्या चक्राशी रमला होता. “जाऊन आले,” म्हणत ती खालच्या मजल्यावर बायकांच्या न्हाणीघराकडं गेली.

तिथं कुणी नव्हतं. आरसा, पिवळा दिवा आणि हात धुवायचं पांढरं भांडं. भांड्यात पाणी तुंबलं होतं. गढूळ नव्हतं, पण त्याला जाडी होती, पेजेसारखी. ती खिडकी शोधायला लागली, खिडकी नव्हती. भीती वाटायला लागली तसे तिचे ओठ हलले. ‘गळ्यातलं लिंग बाई...’

तेवढ्यात तिला पाण्याच्या तळाशी, निचऱ्याच्या भोकातून वर आलेलं दोऱ्याचं टोक दिसलं.

पांढरा, पिळाचा दोरा. लिंगाच्या डबीला असतो तसा. भस्माचा रंग लागून करडा झालेला. तिला वाटलं, आपल्यातलीच कुणी येऊन गेली की काय? बिचारीचा दोरा तुटून पडला असेल, आत लिंग अडकलं असेल. असल्या ठिकाणी, असल्या पाण्यात! तिला किळस आली, पण तसंच टाकून जाणं तिच्यानं होईना. तिनं बाही वर केली आणि हात पाण्यात घातला.

दोरा बुळबुळीत होता. तिनं ओढला. आला. आणखी ओढला. आणखी आला. त्यावर शेवाळाचा थर होता, तो तिच्या बोटांच्या बेचक्यांत साचायला लागला. दोरा संपेना. वीतभर, हातभर, भांड्यातून बाहेर ओघळून पायांवर. मग तो ताणला गेला. पलीकडून कुणीतरी धरल्यासारखा. आणि मग, अगदी हळू, अगदी आर्जवानं, पलीकडून कुणीतरी ओढलं.

बाहेर ऊन होतं. परतीची लहान बोट निघाली होती आणि त्रिवेणी फळीवर बसली होती. शेजारी शिवकांत. वारा गोड होता. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसली.

शिवकांत मागं बघत होता. मोठ्या बोटीकडं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

“काय बघायलात?”

“काही न्हाई,” तो म्हणाला आणि फळीवरचा आपला हात त्यानं उचलून मांडीवर घेतला.

बसमध्ये त्यानं रुमाल सोडला, तिची डबी तिच्या हातात दिली. देताना बोटाला बोट लागू दिलं नाही.

घरी आल्यावर त्रिवेणीच्या लक्षात यायला लागलं की शिवकांत नासलाय.

दुसरा शब्द तिला सुचत नव्हता. माणूस तोच, मिशी तीच, चालताना उजवी चप्पल घासायची खोडही तीच. पण तो जवळून गेला की ओलीचा भपका यायचा. त्याचा टॉवेल वाळत नव्हता. त्याच्या उशीला हिरवट डाग पडत होते. ती उशी बदलायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. तिच्याही उशीला पडायचे, पण एका खाटेवर झोपल्यावर पडणारच. थंडीचे दिवस, हवा कडकडीत कोरडी, शेजारणींची धुणी तासाभरात खडखड वाळायची, आणि तिच्या दोरीवरच्या साड्या संध्याकाळीही पिळल्या की पाणी द्यायच्या.

तो तिच्या हातचं जेवेना. “दुकानात चहा-फरसाण झालं,” म्हणायचा. ताट तसंच राहायचं. मग तिनं झाकलेलं ताट उघडलं की भाकरी बुरसलेली असायची.

मग तो दुकानामागच्या गोदामात झोपायला लागला. “उंदीर लागलेत पोत्यांना. राखण करायला पाहिजे.”

“आजपर्यंत तर नव्हते लागले.”

“आता लागलेत,” तो म्हणाला. तिच्याकडं न बघता.

या सगळ्यात एकच गोष्ट तिला खरी खुपत होती. ईश्वरी अजून झरीलाच होती. आज आणू, उद्या आणू. आधी म्हणाला, तिला सर्दी आहे. मग म्हणाला, आत्याला करमत नाही. मग काहीच म्हणेना. लेकीचा फ्रॉक छातीशी धरून त्रिवेणी दुपारभर बसून राहायची, आणि फ्रॉक ओला व्हायचा, आणि तिला वाटायचं आपण रडलो असणार.

तिनं विचार केला. बोटीवर हा काहीतरी करून आलाय. देव अंगावर नव्हता, त्या वेळात याला काहीतरी चिकटलंय. म्हणूनच मागं वळून बघत होता. म्हणूनच बोलत नाही. ती रोज पहाटे जास्तच मन लावून पूजा करायला लागली. उजव्या तळहातावर लिंग घ्यायची, बेल वाहायची, टक लावून बघायची. लिंग गार लागायचं, आणि थोड्या वेळानं तळहातावर पाणी साचायचं. दारातून शिवकांत बघत असायचा. एकदा तिनं नजर वर केली तर तो तिच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघत होता.

बाजाराच्या दिवशी ती भाजी आणायला निघाली. वालूरचा बाजार तिच्या पायाखालचा. मिरच्या, मेथी, बांगड्या, आणि कोपऱ्यात सुकटवाली. तिथून जाताना आजपर्यंत ती श्वास रोखून जायची. आज पाय थांबले. सुकलेले, चपटे, माशा बसलेले ते मासे तिनं बघितले, आणि तोंडात पाणी सुटलं. नुसतं सुटलं नाही, ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं.

सुकटवाली सुलाबाई ओळखीची होती. ती हसली, “काय वो वैनी, वाट चुकलात का? लिंगायताच्या बाईला काय दाखवू मी?”

त्रिवेणीनं पदरानं हनुवटी पुसली आणि घरी येईपर्यंत पदर तोंडावरून काढला नाही. मोरीत बसून तिनं मिठानं जीभ घासली. आपल्याच जिभेचा असा किळसवाणा मऊपणा तिला कधी जाणवला नव्हता. हे शिवकांतचंच देणं, तिनं ठरवलं. एका घरात राहिल्यावर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. लेकीला तरी जवळ घेऊ. लेक आली की घर पुन्हा घर होईल.

दुसऱ्या दिवशी शिवकांतला न सांगता ती झरीच्या बसमध्ये बसली.

आत्या ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली. ‘ये’ म्हणाली नाही.

“एकटीच आलीस?”

“ते आणत न्हाईत. म्हणून मीच आले ईश्वरीला न्यायला.”

आतून पैंजण वाजले आणि ईश्वरी धावत येऊन बिलगली. “आई! किती उशीर केलास!” त्रिवेणीनं तिला दोन्ही हातांनी आवळलं. केवढं ऊन होतं त्या अंगात, केवढी कोरडी, गोड ऊब! सोडवेना. ईश्वरीच चुळबुळून मागं सरली. तिचा पिवळा फ्रॉक पुढून भिजला होता. पाठीवर दोन हातांचे दोन पट्टे उमटले होते, काळपट, ओले.

“आई, तू नदीत गेली होतीस?”

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. “ईश्वरी, आत जा. फ्रॉक बदल. आतून कडी लाव.”

“कडी कशाला, आत्या?” त्रिवेणी म्हणाली.

आत्या उठली नाही. शेंगांचं सूप मात्र तिनं हळूच बाजूला सारलं. “गळ्यात लिंग हाय का?”

“हाय की.”

“तळहातावर घेऊन दाव.”

त्रिवेणीनं डबी उघडली. लिंग काढून तळहातावर ठेवलं आणि हात पुढं केला. आत्या लिंगाकडं बघत नव्हती. हाताकडं बघत होती. किती तरी वेळ.

“हा कोणता हात म्हणायचा?”

“रोजचाच. का?”

“शिवकांतनी समदं सांगितलं मला. बोटीवर जाताना काढून ठेवलं होतं म्हणं.”

“तिथं लय घाण होती, आत्या. देवाला घाणीत कशाला न्यायचं?”

“अगं, घाणीत जातानाच तर लिंग पाहिजे!” आत्याचा आवाज फाटला. “सारवलेल्या घरात राखण कोण बसवतंय?”

मग तिनं डोळे मिटले. आणि ओसरीवर, भर दुपारी, सुपातल्या ज्वारीसारख्या त्या खरबरीत आवाजात तिनं म्हटलं,

‘गळ्यातलं लिंग बाई, उंबऱ्याची राखण...’

आणि थांबली. वाट बघत राहिली.

त्रिवेणीनं तोंड उघडलं. खेळ तिला आठवत होता. पदर आठवत होता, अंधार आठवत होता, आपण काहीतरी म्हणायचो तेही आठवत होतं. तोंडात फक्त खारट पाणी आलं. तिनं ते गिळलं.

आत्यानं डोळे उघडले. त्या डोळ्यांत राग नव्हता. परक्या गावची बाई दारात पाणी मागायला आली तर बघतात, तशी ती बघत होती.

“जा, बाई,” आत्या म्हणाली. “दिवस मावळायच्या आत जा.”

पोरी म्हणाली नाही. जन्मात पहिल्यांदा पोरी म्हणाली नाही.

वालूरला ती थेट दुकानात आली. ऊन तिरपं झालं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. शिवकांत काउंटरच्या आत बसला होता. ती बाहेर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभी राहिली. मध्ये भाजीच्या बियाण्यांच्या पाकिटांची रांग. युरियाच्या वासातही तिला नदीचा वास आला.

“ईश्वरीला ठेवून घ्या म्हणून तुमीच सांगितलं ना आत्याला?”

“हो.”

“का?”

तो पाकिटं सरळ करायला लागला. आधीच सरळ होती.

“माझी लेक हाय ती,” त्रिवेणी म्हणाली. “बोटीवर काय केलंत ते तुमचं तुमी बघा. मला माझी लेक पाहिजे.”

शिवकांतचे हात थांबले. त्यानं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्या भरल्या डोळ्यांतही किळस होती. तिला वाटत आली होती तशीच. तीच.

“तू खाली न्हाणीघरात गेलीस,” तो म्हणाला. “लय वेळ आली न्हाईस. परतीची बोट लागली म्हणून ओरडायले सगळे. मी खाली आलो, तर तू आधीच बोटीत बसलेली. पट्टे बघणारा सगळ्यांचे हात धरून बघायला होता. तुझ्यावरून त्याची नजर नुसती निघून गेली. तिथं कुणी नसल्यासारखी.”

“मग?”

“बोट सुटली. मागं बघितलं. मोठ्या बोटीच्या कठड्याशी तू उभी होतीस.”

“मी तुमच्या शेजारी होते.”

“हो.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

“तिच्या हातात हिरवा पट्टा होता,” शिवकांत म्हणाला. “तुझ्याकडं बघितलं. तुझ्या हातात नव्हता.”

त्रिवेणीनं मनगट बघितलं. मनगट ओलं होतं.

“तर मग बोट का न्हाई फिरवली?”

“काय सांगू बोटवाल्याला? बायको मागं राहिली म्हणून? बायको तर शेजारी बसलेली. हसायलेली.”

त्याचा आवाज खाली गेला.

“हाका मारायली होती का ती?” त्रिवेणीनं विचारलं.

“न्हाई. ओवी म्हणायली होती. भेली की म्हणते ना, ती. अकरा वर्सं झाली लग्नाला, दुसरी ओळ मला कधी ऐकू आली नव्हती. त्या दिवशी तिनं मोठ्यानं म्हटली. पाण्यावरून साफ ऐकू आली. मला ऐकू यावी म्हणूनच म्हटली तिनं. आणि मी तिथून निघून आलो.”

त्रिवेणी काउंटरवर वाकली. पाकिटांवर पाण्याचे थेंब पडले. तिला एवढंच विचारायचं होतं.

“कोणती ओळ?”

शिवकांतनं गळ्यातली डबी मुठीत धरली. आणि इतके दिवस ओठांआड दाबून ठेवलेलं शेवटी म्हटलं,

“‘उघड्या घरामधी, कोन करील ठिकाण.’”

त्रिवेणीनं ओळ ओठांवर घोळवून बघितली. चांगली होती. तिनं ती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती.